इंजिनाचा चहा

आधी हातातला कप खाली ठेवा बरं. मागच्या दिवाळीला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या धाकट्या नणंदबाईंच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा बोल त्या अजून मलाच लावतात. तुमच्या घरच्यांचा बोल मला नको.

शिवाय या किस्स्यात चहा पुष्कळ आहे. पिण्यातला नाही, एवढंच!

तर मी कशी बाई आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय मधे कुणाला ताप आला, कुणाची परीक्षा असली तर एखादा सुटा उपवास. आमचे हे, म्हणजे गावाचे आप्पा, लोकांना सांगतात, "आमच्या घरी ज्या दिवशी उपवास नसतो त्या दिवशी सणासारखं वाटतं." म्हणू देत. साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतात ते कोण, हे मी लोकांना सांगत नाही.

आता जीप. आमच्या दारात एक जुनी पांढरी जीप आहे. पांढरी म्हणजे एकेकाळची पांढरी. ह्यांचा धंदा सीताफळाचा. पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगरात जी गावं आहेत, तिथल्या बागांतून आणि रानातून फळ उचलायचं आणि बीड, अंबाजोगाई, परळी असं पोचवायचं. सीताफळ म्हणजे लई नाजूक काम! सकाळी डोळे उघडलेलं फळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चमच्यानं उचलावं लागतं. म्हणून दारात स्वतःची गाडी पाहिजे. आणि ती गाडी घेताना माझ्या माहेरच्या पाटल्या गेल्या.

नाही, नाही, रडत नाही मी. मीच काढून दिल्या होत्या. माझं म्हणणं असं की, पाटल्या कपाटात पडून राहिल्या असत्या, आता चार चाकांवर फिरतात, गावं बघतात. ती जीप घाटात चढायला लागली की मला मनगटात जाणवायचं!

त्या वर्षी आषाढापासून जीप सकाळी चालू व्हायला कुरकुरायला लागली. सीझन तर पुढ्यात. मी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवार धरले. संकल्प काय? 'देवा, सीझनभर जीप धड चालू दे, हे सुखरूप घरी येऊ देत.' पण हे मी कुणाला बोलले नाही. आमची आई सांगायची, नवस ओठाबाहेर गेला की त्यातला अर्धा वाऱ्यावर जातो. माझ्या पोटात एरवी काही राहत नाही, पण नवस राहतो.

श्रावणातच आम्ही परळीला वैजनाथाला गेलो. तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीतच आहे, तिथं देव आपल्याला दूर उभं करत नाही. पिंडीला आपल्या हातानं स्पर्श करायचा, आपल्या हातानं पाणी घालायचं. आणि देव कोणता? वैद्यांचा नाथ! आजाऱ्याला बरं करणारा. मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी दर सोमवारी घरच्या पिंडीला पंचामृताचा अभिषेक करायची आणि ते तीर्थ जीपच्या बॉनेटवर नुसतं शिंपडायची. म्हणजे काय, तर आजारी माणसाच्या सदऱ्यावर औषध शिंपडण्यासारखं! औषध पोटात नको का जायला?

आला ना विचार? तिथंच सगळं बिघडलं. पण तेव्हा मला वाटलं, देवानंच सुचवलं.

पुढच्या सोमवारी हे आंघोळीला गेले आणि मी बॉनेट उचललं. आत बघते तर काय, सगळीकडं नळ्या, वायरी, काळोख. आणि मधोमध, सगळ्यात उंचावर, एक काळं गोल झाकण. आता खरं सांगा, गाभाऱ्यात मधोमध काळं, गोल, गुळगुळीत काय असतं? मी दुसरं काही शोधलंच नाही. हात जोडले, झाकण फिरवलं, आत एक पळी तीर्थ सोडलं, 'ॐ नमः शिवाय' म्हटलं आणि झाकण घट्ट लावलं. हळदीकुंकू मात्र बॉनेटला. पोटात कुंकू नको, एवढी अक्कल मला होती.

असे तीन-चार सोमवार गेले. जीप चालू होती. मी मनातल्या मनात वैजनाथाला शाबासकी देत होते.

आणि एका बुधवारी, भर सीझनात, तीस क्रेट सीताफळ घेऊन हे बीडला निघाले आणि मांजरसुंब्याच्या घाटात जीपनं वाफ सोडली. साधीसुधी नाही. ह्यांच्या शब्दांत, "कुकरची शिट्टी उडाल्यागत!" फळं दुसऱ्या टेम्पोत चढवली आणि जीप ओढून पाटोद्याला रशीदभाईच्या गॅरेजात आणली.

रशीदभाई म्हणजे आमच्याकडचे जुने मिस्त्री. साठी ओलांडलेली, डोक्यावर जाळीची टोपी, कानावर पेन्सिल. चाळीस वर्षं इंजिनं खोलतात. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की ती गाडीनं पण ऐकायची, असा त्यांचा दरारा. आणि माणूस प्रामाणिक. दोनशेचं काम दोनशेतच सांगणार.

संध्याकाळी दोघंही घरी आले. ह्यांचा चेहरा सुतकी. मी चहा टाकला.

"काय झालं हो?"

"हेड गॅस्केट गेलं," हे म्हणाले. आवाज असा, जणू गावातलं कुणीतरी गेलं.

"म्हणजे काय?"

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "भाभी, शेतात बांध असतो का न्हाई? इकडं तुमचं, तिकडं भावकीचं. तसं इंजिनात बांध असतो. वाफ निघाली ती पाइप फुटल्यामुळं, तो बदलला मी, दोनशे रुपयाचं काम. पन सवयीनं तेलाचं झाकण खोललं आन् बगतो तर काय! पाण्याची वाट येगळी, तेलाची येगळी, मधला बांध म्हंजे गॅस्केट. बांध फुटला की पाणी तेलात शिरतं. मग काळं तेल पांढरं होतं. पार चहा झालाय बगा तेलाचा, दूध जास्त घातलेला."

तुम्ही हसायला लागलात! तुम्हाला कळलं. मला कळलं का? अजिबात नाही! कारण तो माणूस म्हणत होता 'पाणी', आणि मी घातलं होतं तीर्थ. तीर्थ म्हणजे काय पाणी असतं? मी उलट हळहळले, "अरे देवा, पाणी शिरलं!" आणि त्यांच्या कपात अजून चहा ओतला. रशीदभाईंनी त्या कपाकडं बघितलं आणि तो बाजूला सारला.

मग ओसरीवर हिशोब सुरू झाला. रशीदभाई बोटांवर मोजून सांगायला लागले.

"एक. नुसतं गॅस्केट बदलायचं. तेल, कूलंट, मजुरी, सगळं मिळून आठ हजार. दोन. हेड, म्हंजे इंजिनाचं डोकं, काढून बीडला न्यायचं, तपासायचं, त्याचं तोंड मशीनवर सपाट घासून आनायचं. त्याला फेसिंग म्हनतात. त्याचे वरून सहा. तीन. अख्खं इंजिन खोलायचं. पंचेचाळीस धरा."

"बाप रे!"

"चार. जुन्या बाजारातलं दुसरं इंजिन टाकायचं, तीस-पस्तीसमधी बसंल. पन ते दुसऱ्याचं काळीज, आप्पा. कुठं थांबंल सांगता यायचं न्हाई."

"आन् पाच," हे जमिनीकडं बघत म्हणाले, "परळीचा तो शेठ जुन्या गाड्या घेतो. आहे तशी साठला नेतो म्हणाला फोनवर."

साठ! माझ्या पाटल्या! माझा हात आपोआप मनगटावर गेला.

"जीप विकून तुम्ही काय करणार?"

"काय करनार? दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर."

आता पंधरा वर्षं स्वतःच्या गाडीवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीची चावी मागून घेणार, हे मला बघवलं असतं का? मी म्हटलं, "सहावा पर्याय पण आहे."

दोघांनी आशेनं माझ्याकडं बघितलं.

"देव."

"तो फुकट हाय ना?" ह्यांनी विचारलं.

"फुकट कसा? एकवीस नारळ आहेत!"

शेवटी पहिला पर्याय ठरला. रशीदभाईंनी तीन दिवस मान मोडून काम केलं आणि शनिवारी जीप दारात उभी केली. नवं गॅस्केट, नवं तेल. रविवारी जीप अशी गुणगुणत चालली की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "नवी घेतली का?"

त्याच संध्याकाळी आमच्या भजनी मंडळाचं भजन होतं. तुम्हाला खरं सांगते, मला राहवलं नाही. नवस पावलाच होता की आता! पावलेला नवस बोलायला काय हरकत? भजन झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, वैजनाथाचं, तीर्थाचं, पोटात औषध जाण्याचं. बायका इतक्या तल्लीन होऊन ऐकत होत्या की टाळ मांडीवर तसेच राहिले.

"कोणत्या झाकणात घालायचं?" एकीनं विचारलं.

मी हातानं गोल करून दाखवलं. "मधोमध असतं, काळं."

"मोटारसायकलला चालंल का?"

"देवाला दोन चाकं काय आन् चार चाकं काय!" मी म्हटलं. इतकं छान वाक्य मला परत कधी सुचलं नाही.

ते असू द्या. सोमवार उजाडला. जीप बरी झाली होती, मग कृतज्ञता म्हणून एक पळी पुरेशी होती का? मी पाच घातल्या.

मंगळवारी सकाळी ह्यांनी रशीदभाईंनी सांगितल्याप्रमाणे तेलाचं झाकण उघडून बघितलं. आणि अंगणातून अशी हाक आली की हातातली भाकरी तव्यावर पालथी पडली.

"अगं, चहा झाला!"

"मी तर अजून टाकलाच नाही," मी आतून म्हटलं.

रशीदभाई धावत आले. झाकण उघडलं, बोट लावलं, बोट उजेडात धरलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेलं गॅस्केट तीन दिवसांत गेलं नव्हतं!

"आप्पा, माझी चूक हाय," ते म्हणाले. "हेड वाकडं असंल, मी तपासायला पायजे होतं. मजुरी घेनार न्हाई मी आता."

मला त्यांची इतकी दया आली! मी मनाशी म्हटलं, बिचाऱ्यांच्या हाताला यश येऊ दे. पुढच्या सोमवारी अकरा पळ्या.

तर दुसरा पर्याय. हेड काढलं, पोत्यात घातलं आणि रशीदभाई स्वतः एसटीनं घेऊन बीडला गेले. पोतं शेजारच्या सीटवर, आणि हात पोत्याच्या पाठीवर, जसं लेकराला दवाखान्यात नेतात तसं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, याचं तिकीट?" रशीदभाई म्हणाले, "आजारी हाय." बीडच्या मशीनवाल्यानं तपासून सांगितलं की हेडला काही झालेलं नाही, एकदम सरळ आहे. तरी घासून घेतलं. सहा हजार तिथं गेले.

इकडं सीताफळं थांबतात का? झाडावरच्या फळाला कोण सांगणार की आप्पांची जीप खोललेली आहे? हे भाड्याच्या टेम्पोनं माल नेत होते. जे मिळायचं ते टेम्पोवाल्याच्या खिशात. ह्यांचं जेवण कमी झालं. खिचडी दुसऱ्यांदा मागणं बंद झालं. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

शनिवारी हेड बसलं. सोमवारी मी अकरा पळ्या मोजून घातल्या, एकेका पळीला एकेक नमस्कार. मंगळवारी?

तुम्हीच सांगा!

या वेळी रशीदभाईंनी बोट लावलंच नाही. झाकणाशी नाक नेलं, मागं घेतलं, परत नेलं.

"आप्पा, मला आंबट वास येतोय."

"कशाचा?"

"दह्याचा."

ह्यांनी वास घेतला. ह्यांना तंबाखूमुळं जन्मात कशाचा वास आला नाही. "मला तर न्हाई येत."

"मग माझंच काईतरी बिगडलं," रशीदभाई खिन्नपणे म्हणाले. "तेलात दही? आता वय झालं आपलं."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, तो माणूस दुसऱ्या दिवशी उठून अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नाक दाखवायला गेला! डॉक्टरांनी दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, नाक उत्तम आहे. त्यामुळं तर ते जास्तच घाबरले. नाक चांगलं, गॅस्केट चांगलं, हेड चांगलं, मग वाईट काय?

"इंजिनाचं धड, ब्लॉकच चिरला असंल," गुरुवारी येऊन त्यांनी निकाल दिला. "खालून. डोळ्याला दिसत न्हाई. आप्पा, पंचेचाळीस घालून बी माझ्यानं आता शब्द देववत न्हाई. चाळीस वर्षांत कुनाला असं बोललो न्हाई मी. शेठला बोलवा."

हे उठले, जीपजवळ गेले, बॉनेटवरची धूळ हातानं पुसली आणि फोन लावला. शेठ मंगळवारी येतो म्हणाला.

म्हणजे माझ्या हातात एक सोमवार होता.

बायांनो, तो सोमवार मी कसा घालवला ते माझं मलाच माहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. अभिषेकाला दूध आमच्या गल्लीतल्या म्हशीचं, दही घरचं, तूप घरचं, मध डोंगरातल्या माणसाकडून आणलेला, आणि साखर मूठभर, कारण देवाला गोड लागावं. संध्याकाळी हे बागवाल्याकडं गेलेले बघून मी बॉनेट उचललं. आता पळीनं काय होणार? सगळा तांब्याच उपडा केला. डोळ्यांतून धारा, तांब्यातून धार. शेवटी पिंडीवरचं एक बेलाचं पान होतं, ते पण आत सोडलं, म्हणजे देवाची सही झाली. झाकण लावताना म्हटलं, 'देवा, माझ्या पाटल्या मला परत नकोत. त्या आहेत तिथंच राहू देत.'

मंगळवारी सकाळी शेठ आला. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा. रशीदभाई आले होते, एखाद्याला पोचवायला येतात तसे कोपऱ्यात उभे. मी निरोपाची ओवाळणी करायची म्हणून ताट घेऊन दारात.

शेठनं जीपभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली. माझ्या पोटरीत कळ आली. मग बॉनेटपाशी येऊन तो थांबला.

"आप्पा, हे काय हाय?"

"काय?"

"गाडीला मुंग्या कावून लागल्या?"

सगळे वाकले. खरंच! अंगणातल्या पेरूच्या झाडापासून मुंग्यांची एक रांग निघाली होती. चाकावरून वर, बंपरवरून आत. शिस्तीत, एकामागं एक, जत्रेला निघाल्यासारख्या. शेठनं बॉनेट उचललं. रांग थेट त्या काळ्या झाकणाशी गेली होती आणि तिथं त्यांनी मुक्काम ठोकला होता.

"इंजिनात साखर हाय का काय?" शेठ म्हणाला.

रशीदभाई पुढं झाले. झाकण फिरवलं. फस्सकन पांढरा फेस वर आला. त्यांनी झाकण उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, फेसात चिकटलेलं, हिरवंगार, तीन पानांचं, काही एक बिघडलेलं नाही असं, ते बेलाचं पान.

रशीदभाईंनी ते दोन बोटांत धरून उचललं. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

"आप्पा, गॅस्केट फाटलं की पाणी येतं. हेड चिरलं की पाणी येतं. ब्लॉक चिरला तरी पाणीच येतं. चाळीस वर्षं झाली, बेलाचं पान आजवर न्हाई आलं."

आणि तिघांनीही एकदम दाराकडं बघितलं. दारात मी. हातात ताट. ताटात तांब्या. तांब्याच्या काठाला दुसरं बेलाचं पान.

मी काय म्हणाले असेन? माझ्या तोंडून निघालं, "तीर्थ आहे हो ते!"

"तीर्थ?" ह्यांचा आवाज चिरका झाला.

"पोटात जायला नको का?"

ह्यांनी जीपच्या पायरीवर बसून घेतलं. "किती दिवसापासून?"

"श्रावणापासून."

"किती?"

"आधी एकेक पळी. मग गॅस्केट बदललं तेव्हा पाच. हेड आणलं तेव्हा अकरा. आणि काल..." मी तांब्याकडं बघितलं.

ह्यांनी डोकं हातात धरलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, गेलं, आता हा माणूस रडतोय, माझ्यामुळं! मी ताट ठेवून धावत गेले, तर हे हसत होते. असं हसत होते की डोळ्यांतून पाणी, खोकला, ठसका. मग शेठ हसायला लागला, काळा चष्मा काढून डोळे पुसत. फक्त रशीदभाई हसत नव्हते. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "या अल्ला, माझं नाक चांगलं हाय! दहीच होतं ते!"

मग ते माझ्याकडं वळले. "भाभी, पैल्या दिवशी फक्त पाइप फुटला होता. दोनशे रुपये. बाकी सगळं तुमच्या पळीनं केलं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चौदा हजार, सीझनचे तीन आठवडे, आणि एका भल्या माणसाची चाळीस वर्षांची पत! "रशीदभाई, मला माफ करा," मी म्हटलं.

"माफ कशाला? वाईट मनानं घातलं का तुमी? फक्त एक करा, भाभी. देवाचं देवाला द्या. इंजिनाला तेल मी देतो."

शेठ मात्र हुशार. म्हणाला, "मग आप्पा, गाडीला काई झालंच न्हाई म्हना की. पंच्याहत्तर देतो!"

"आता लाख दिले तरी न्हाई," हे उठत म्हणाले. "हिच्या पाटल्या हायेत त्यात."

एवढे दिवस मला वाटत होतं, ते एकट्या माझ्याच ध्यानात आहे.

रशीदभाईंनी दोनदा तेल भरून दोनदा काढून टाकलं, इंजिन धुऊन काढलं, तिसऱ्यांदा नवं भरलं. बुधवारी जीप डोंगराकडं गेली, ती तीस क्रेट घेऊनच खाली उतरली. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "बघा, पण नवस पावलाच ना? गॅस्केट गेलंच नव्हतं!" ह्यांनी कपाळाला हात लावला. पण खिचडी दुसऱ्यांदा मागितली.

असं सगळं गोड झालं होतं. इथंच थांबले असते तर माझी थोडीफार तरी अब्रू राहिली असती.

दोन दिवसांनी दुपारी रशीदभाई परत दारात. या वेळी पेन्सिल कानावर नव्हती, हातात होती.

"भाभी, बुधवारी एक ट्रॅक्टर आला. तेलाचा चहा. काल एक टेम्पो आला. चहा. आज सकाळपासनं तीन मोटारसायकली उभ्या हायेत, आन् एकीच्या झाकणात तुळशीचं पान हाय. सगळे याच बाजूचे." त्यांनी घसा साफ केला. "तुमी हे कुठं बोलला न्हाई ना?"

टाळ मांडीवर ठेवून ऐकणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढं एकेक करून उभ्या राहिल्या.

रशीदभाईंनी खिशातून बिलाचा एक चिटोरा काढला, पेन्सिलीसकट माझ्यापुढं धरला आणि अजिजीनं म्हणाले, "नावं लिहून द्या. म्हंजे गॅस्केट मागवायच्या आधी घरी जाऊन इचारता यील."

मी चिटोरा घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"रशीदभाई," मी म्हटलं, "वही आहे का?"